काचेसारखी फिल्म आणि लाकडाची धूळ: सेल्युलोजची गाळणी कशी करावी, कशी तपासावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सांगलीत एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या मामांचा मिरजेत सतार-तंबोरे बनवायचा कारखाना आहे. दांडी आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) घासताना खूप बारीक धूळ उडते, मामांचं नाक कायम चोंदलेलं असतं. मी गुऱ्हाळावरून चिपाडं आणली, त्यातून सेल्युलोज काढलं आणि काचेसारखी स्वच्छ फिल्म तयार केली. ती मास्कमध्ये किंवा एग्झॉस्ट पंख्यावर लावून पीएम २.५ (अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धूळ) अडवता येईल का? चिपाडाऐवजी लाकडाचा भुसा घेतला तर फरक पडेल का? आणि हे सगळं कॉलेजातच तपासायचं कसं?"

तुमच्या फिल्ममधून धूळ जाणार नाही, कारण तिच्यातून हवाच जाणार नाही. मास्कमध्ये लावलीत तर मामा नाकाजवळच्या फटीतून श्वास घेतील आणि धूळही तिथूनच आत जाईल. पंख्यावर लावलीत तर पंखा नुसता गरगरत राहील. हे कळायला यंत्र लागत नाही, ‘काचेसारखी स्वच्छ’ हे तुमचेच शब्द पुरेसे आहेत. माझी उमेदीची वर्षं लगदा आणि कागदाच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे नवा नमुना हातात आला की आधी तो उजेडासमोर धरायचा, अशी रीतच होती.

सेल्युलोजला स्वतःचा रंग नाही. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना किती वळतो याचं माप, साधारण १.५३, हवेचा १. तंतू आणि हवा जिथे भेटतात तिथे प्रकाश थोडा वळतो, थोडा मागे फिरतो. अशा असंख्य सीमा ओलांडता ओलांडता तो चहूकडे विखुरतो आणि पदार्थ आपल्याला पांढरा दिसतो. कापूस, फिल्टर पेपर, धुवट धोतर, या सगळ्यांचा पांढरेपणा आतल्या हवेचा आहे. गरम भजी बांधून आणलेल्या कागदावर तेलाचा डाग पडतो, तिथून पलीकडचं दिसायला लागतं ते याच कारणानं: तेलाचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास, म्हणजे सेल्युलोजच्या जवळचा, त्यामुळे फटी भरल्या की सीमा पुसल्या जातात. तुमच्या फिल्ममध्ये तेल नाही आणि तरीही ती पारदर्शक आहे. म्हणजे फटीच मिटल्या आहेत.

हवेतले ॲस्बेस्टॉसचे तंतू मोजणारे लोक या गुणाचा सरळ उपयोग करतात. सेल्युलोज एस्टरच्या २५ मिलिमीटरच्या पांढऱ्याशुभ्र, सच्छिद्र चकतीतून हवा ओढायची, तंतू तिच्यावर अडकतात, मग त्या चकतीला ॲसिटोनची वाफ द्यायची. छिद्रं कोसळतात, चकती काचपट्टीवर पारदर्शक होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजता येतात. पदार्थ तोच. पांढरा होता तोवर गाळणी होती, पारदर्शक झाला की फिल्म झाली.

पारदर्शक लाकडाबद्दल तुम्ही नक्की वाचलं असेल, म्हणून एक-दोन वाक्यं. १९९२ मध्ये जर्मनीत सिगफ्रिड फिंक यांनी लाकडाची आतली रचना पाहता यावी म्हणून ते पारदर्शक केलं, आणि २०१६ मध्ये स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठात लार्स बर्गलुंड यांच्या आणि मेरीलँड विद्यापीठात लियांगबिंग हू यांच्या गटानं ते बांधकामाचा पदार्थ म्हणून पुढे आणलं. लाकडातले तंतू बांधून ठेवणारं रंगीत लिग्निन काढायचं आणि मोकळ्या नळ्यांमध्ये सेल्युलोजच्या जवळच्या अपवर्तनांकाचं पॉलिमर भरायचं. प्रदर्शनात त्याला गर्दी होते, धुळीसाठी त्याचा काही उपयोग नाही. प्रकल्पात ते घुसडू नका.

एक अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर तोंडी परीक्षेत कोणीतरी पकडेल. छिद्रं प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच लहान, म्हणजे दहा-वीस नॅनोमीटरची असली तर पदार्थ सच्छिद्र असूनही पारदर्शक दिसू शकतो. पण इतक्या बारीक छिद्रांतून हवा ढकलायला जो दाब लागेल तो माणसाच्या फुप्फुसांच्या आवाक्यातला नाही. तेव्हा मास्कपुरतं उत्तर तेच राहतं.

आता मूळ गैरसमज. गाळणी म्हणजे चहाची चाळणी, छिद्र कणापेक्षा लहान असलं की कण अडकला, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. हवेच्या गाळणीत तंतूंमधली मोकळी जागा कणांपेक्षा पुष्कळ मोठी असते आणि तरी कण अडकतात. मोठा, जड कण हवेबरोबर वळू शकत नाही, सरळ जाऊन तंतूवर आपटतो. मधला कण हवेबरोबर वळतो खरा, पण त्याची कड तंतूला घासते आणि तो चिकटतो. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भटकतो आणि भटकता भटकता तंतूवर जाऊन पडतो. म्हणून सर्वांत लहान कण अडवणं सर्वांत अवघड, हे खरं नाही. अवघड असतो तो ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा. आपटायला तो हलका पडतो आणि भटकायला जड. एन९५ मास्कची ९५ टक्क्यांची आणि हेपा या हवेच्या गाळणीची ९९.९७ टक्क्यांची अट ०.३ मायक्रॉनच्या आसपासच का मोजतात, ते यावरून लक्षात येईल.

मास्कच्या कापडात चौथी युक्तीही असते, विद्युतभाराची. मेल्टब्लोन, म्हणजे वितळवून हवेच्या झोतानं ओढलेल्या, पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या तंतूंवर भार दिलेला असतो आणि तो बराच काळ टिकतो. सेल्युलोज इथे मार खातं. त्याच्या साखळीवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट आहेत, ते हवेतलं पाणी धरतात आणि भार निसटून जातो. जुलैत कृष्णेकाठच्या हवेत तर विचारूच नका. सेल्युलोजच्या गाळणीला सगळं काम तंतूंच्या बारीकपणावर आणि त्यांच्यातल्या मोकळ्या जागेवर काढावं लागतं.

म्हणून तुमच्या प्रकल्पाचा खरा विषय वाळवणं हा आहे. तुम्ही पूर्ण लक्ष सेल्युलोज शुद्ध करण्यावर दिलं असणार, सगळेच देतात. पण गाळणी होणार की फिल्म, हे शेवटच्या काही तासांत ठरतं. ओल्या जाळीतलं पाणी उडायला लागलं की उरलेलं पाणी तंतूंना एकमेकांकडे ओढतं. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन. छिद्राची त्रिज्या ५० नॅनोमीटर धरली तर ओढ सुमारे २.९ मेगापास्कल येते, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ एकोणतीसपट. एवढ्या जोरानं तंतू दाबले गेले की त्यांच्यात हायड्रोजन बंध बसतात आणि पुन्हा भिजवलं तरी सगळे सुटत नाहीत. पाणी काढून टाकून त्याजागी इथेनॉल आणलंत तर पृष्ठताण २२ वर येतो आणि हायड्रोजन बंध जुळवणारा मध्यस्थही कमी होतो.

हे निसर्गातही घडतं. सूचिपर्णी झाडांच्या लाकडात एका पेशीतून दुसरीत पाणी जायला झडपेसारखे बारीक दरवाजे असतात. लाकूड वाळताना पाण्याची हीच ओढ ते दरवाजे लावून टाकते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या रोहित कर्णिक यांच्या गटानं २०१४ मध्ये पाइनच्या ओल्या फांदीच्या तुकड्यातून पाणी गाळून त्यातले ९९ टक्क्यांहून जास्त जिवाणू अडवून दाखवले. पण तुकडा वाळला की त्यातून पाणी वाहीना. पुढे त्यांनी तो गरम पाण्यात भिजवून, मग इथेनॉलमध्ये बुडवून वाळवला आणि अडचण सुटली. तुमच्यासमोर तोच प्रश्न आहे, फक्त पाण्याऐवजी हवेचा.

कृतीबद्दल. सेल्युलोज विरघळवून फिल्म करणं सोडा. सात टक्के कॉस्टिक सोडा, बारा टक्के युरिया, उणे १२ अंश, ही चीनमधल्या वुहान विद्यापीठातून पुढे आलेली पद्धत तुम्ही वापरली असणार. ती छान आहे, पण त्यात तंतूच नाहीसा होतो आणि तुम्हाला नेमका तंतू हवा आहे. चिपाडं कॉस्टिकमध्ये शिजवून, विरंजन करून, म्हणजे रंग उडवून, जो पांढरा लगदा मिळतो तिथे थांबा आणि तो एकदाही वाळू देऊ नका. ओलाच ठेवा, भरपूर पाण्यात, साधारण अर्धा-एक टक्का लगदा राहील असा, आणि वेगवान ब्लेंडरमध्ये फिरवत राहा. जपानमधल्या टेम्पो पद्धतीनं (टेम्पो हा रासायनिक उत्प्रेरक) ३-४ नॅनोमीटरचे तंतुक मिळतात, ब्लेंडरमध्ये तितके एकसारखे मिळणार नाहीत. काही जाड, काही बारीक, असा खिचडा होईल. गाळणीला तो चालतो. जाड तंतू सांगाडा धरतात, बारीक तंतू धूळ धरतात. तंतू हवेच्या रेणूंच्या सरासरी मुक्तमार्गाइतका (दोन टकरींमधल्या अंतराइतका), म्हणजे ६६ नॅनोमीटरच्या घरात बारीक झाला की हवा त्याच्या अंगावरून घसरून जाते आणि अपेक्षेपेक्षा कमी विरोध होतो, हा एक वरचा फायदा.

मग पाणी दोन-तीनदा इथेनॉलनं बदला, शेवटी टर्शरी ब्युटेनॉलनं. हा द्रव २५ अंशांच्या आसपासच गोठतो, त्यामुळे साधा फ्रीजही पुरतो. निर्वात पंप लावून तो गोठलेल्या अवस्थेतूनच उडवून टाकायचा. मलमलीच्या किंवा विरळ नॉन-वोव्हन कापडाच्या तुकड्यावर चौरस मीटरला एखाद-दोन ग्रॅम इतकाच थर द्या. जो तुकडा पांढरा, फुसफुशीत, उजेडात दुधाळ दिसेल तो पुढच्या चाचणीला घ्या. कुठे चकचकीत, पारदर्शक डाग दिसला तर तिथे पाणी राहिलं होतं.

चिपाड की लाकूड? सेल्युलोज दोन्हींत साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के, आणि शुद्ध केल्यावर रेणू तोच. फरक सोबत येणाऱ्या कचऱ्यात आहे. चिपाडात भेंडासारखा मऊ गर भरपूर असतो. तो लगद्यात राहिला तर पाणी निथळत नाही आणि वाळल्यावर तंतूंमधल्या फटी बुजवतो. शिजवण्याआधी चाळून तो काढा. चिपाडात वाळूही, म्हणजे सिलिका, जास्त. रंध्याची सालपटं असतील तर लाकूड चांगलं, पण पॉलिश पेपरची धूळ घेऊ नका: त्यात तंतू तुटून गेलेले असतात, वर घासकागदाचे कण आणि चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) तुकडे. माझा कौल चिपाडाला आहे. सांगली-साताऱ्यात त्याला तोटा नाही.

पण चिपाडं ताजीच घ्या. साखर कारखान्याच्या आवारात महिनोन्महिने पडलेल्या बगॅसच्या, म्हणजे चिपाडांच्या, ढिगाऱ्यात उष्णता आवडणारे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांच्या धुळीनं बगॅसोसिस नावाचा फुप्फुसांचा आजार होतो. जुना ढीग उपसायचीच वेळ आली तर आधी पाणी मारा आणि बाजारातला एन९५ लावा. धूळ अडवायच्या संशोधनासाठी स्वतःची फुप्फुसं कामी लावू नयेत. विरंजनाला सोडियम क्लोराइट आणि आम्ल वापरणार असाल तर क्लोरीन डायऑक्साइड सुटतो, तेव्हा फ्यूम हूडखेरीज करायचं नाही. गाइड काही म्हणोत.

चाचणी. इथे विद्यार्थी फसतात, कारण ‘किती टक्के धूळ अडली’ एवढाच आकडा ते देतात. तुमची पहिली फिल्म शंभर टक्के देईल! दुसरा आकडा हवाच: हवेला किती विरोध झाला. एन९५ च्या अमेरिकी मानकात मिनिटाला ८५ लिटर हवा ओढताना विरोध ३५ मिलिमीटर पाण्याच्या आत, म्हणजे सुमारे ३४३ पास्कलच्या आत हवा. हे मोजायला पारदर्शक नळीचा यू आकार आणि रंगीत पाणी पुरतं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळ्यांत एक मिलिमीटरचा फरक पडला म्हणजे ९.८ पास्कल.

दोन्ही आकडे एकत्र करायला गुणवत्ता गुणांक वापरतात: निसटलेल्या कणांच्या प्रमाणाचा नैसर्गिक लॉग, उणे चिन्हानिशी, भागिले दाबातला फरक. समजा एका थरानं ९० टक्के कण अडवले आणि विरोध १०० पास्कल आला. २.३० भागिले १००, उत्तर ०.०२३. आता दोन थर लावले: ९९ टक्के अडले, विरोध २०० झाला. ४.६० भागिले २००, पुन्हा ०.०२३. थर वाढवून गाळणी ‘सुधारली’ असं वाटतं, पण पदार्थ होता तिथेच आहे. एकाच लगद्याचे तुकडे पाण्यातून, इथेनॉलमधून आणि टर्शरी ब्युटेनॉलमधून वाळवून या गुणांकाचे तीन आकडे शेजारी ठेवलेत तर तेवढ्यानं एम.एस्सी.चा प्रकल्प उभा राहील.

मांडणी साधी ठेवा. ४७ मिलिमीटरची चकती धारकात बसवली की हवेला ४० मिलिमीटर व्यासाचा भाग मोकळा राहतो. सेकंदाला ५.३ सेंटिमीटर हा गाळणीचा नेहमीचा वेग धरला तर मिनिटाला ४ लिटर हवा लागते, लहान पंपाचं काम. धूळ म्हणून लाकडाचा भुसा उडवू नका. त्यातलं बहुतेक वजन मोठ्या कणांत असतं आणि ते कुठलंही जाड कापड अडवतं. उदबत्तीचा धूर घ्या, त्याचे बरेच कण ०.१ ते ०.४ मायक्रॉनचे, म्हणजे नेमके त्रास देणारे. पेटीत धूर भरून पंख्यानं ढवळा, गाळणीच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सारखे लेझर सेन्सर ठेवा आणि अर्ध्या चाचणीनंतर त्यांची अदलाबदल करा. स्वस्त सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत. ते कण मोजत नाहीत, विखुरलेल्या प्रकाशावरून अंदाज बांधतात. आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच चढतो. पावसाळी दिवशीचं वाचन कोरड्या दिवसाशी ताडून पाहू नका.

आणि तुमची ती पहिली पारदर्शक फिल्म टाकून देऊ नका. धारकात गाळणीच्या जागी ती बसवा आणि पंप चालू करा. हवा वाहिली तर कडेनं गळती आहे, आधी रबरी रिंग सुधारा. गळती तपासायला इतकी चांगली कोरी चकती विकत मिळणार नाही.

कारखान्यातली धूळ वजनानं मोजायचा मोह होईल, तेव्हा हा हिशेब पाहा. पीएम २.५ चं यंत्र मिनिटाला १६.६७ लिटर, म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर हवा ओढतं. भारतीय मानकाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तेव्हा त्या मर्यादेवर चकतीवर जमा होणारी धूळ १.४४ मिलिग्रॅम. आता ४७ मिलिमीटरची सेल्युलोजची चकती, चौरस मीटरला ८५ ग्रॅमच्या कागदाची, सुमारे १४७ मिलिग्रॅमची असते. हवेतली आर्द्रता दहा टक्क्यांनी बदलली की तिच्यातलं पाणी एक-दीड टक्क्यानं बदलतं, म्हणजे दीड-दोन मिलिग्रॅम. अख्ख्या दिवसाची धूळ त्या चढउतारात बुडून जाते. म्हणूनच पीएम २.५ च्या वजनासाठी पाणी न धरणाऱ्या टेफ्लॉनच्या चकत्या वापरतात, आणि त्याही ठरावीक तापमान-आर्द्रतेत २४ तास ठेवल्याशिवाय तोलत नाहीत.

राहिला मामांचा प्रश्न, आणि तो तुमच्या प्रकल्पासाठी थांबवू नका. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं आहे, आणि धोका मुख्यतः नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा आहे. हा जो त्रास आहे तो पीएम २.५ पेक्षा मोठ्या, नाकातच अडकणाऱ्या कणांचाही आहे, त्यामुळे ‘पीएम २.५ अडवलं’ म्हणजे काम झालं असं नाही. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीला आठ तासांसाठी घनमीटरला २ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि तीही नाकातोंडातून आत जाणाऱ्या सगळ्या धुळीची. नाक कायम चोंदलेलं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि ‘लाकूड घासायचं काम आहे’ हे आवर्जून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

कारखान्यात भिंतीवरच्या पंख्यापेक्षा हातापाशी धूळ ओढणारी नळी जास्त उपयोगी. ओढणाऱ्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं लांब गेलं की हवेचा वेग तोंडापाशी असतो त्याच्या सात-आठ टक्क्यांवर येतो, म्हणजे सहा इंची तोंड सहा इंचांवर जवळजवळ काहीच ओढत नाही. तबली घासायच्या जागेलाच ते तोंड चिकटवावं लागेल. जवारी लावताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून स्वर जुळवताना, तिच्यावरून हाडाची भुकटी निघते, तीही तिथेच ओढली जाईल. संध्याकाळी केरसुणी फिरवली की दिवसभर खाली बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर येते, त्यापेक्षा ओलं फडकं. आणि स्पिरिटमधल्या चपड्याची पॉलिश चालू असेल तेव्हा कुठलीही धुळीची गाळणी, तुमची किंवा बाजारातली, वाफ अडवत नाही. त्या वेळी दारं-खिडक्या सताड उघडाव्या लागतात, आणि ओढणारी मोटर ठिणगी टाकणारी असेल तर ती बंद ठेवावी लागते.